फायनल इयरचं कॅम्पेन: पोस्टर काढण्याआधी कन्सेप्ट कशी शोधायची

अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षी कॅम्पेनचा विषय हाती आला की त्याच संध्याकाळी आपण लॅपटॉप उघडतो. मीही उघडला होता. माझा विषय होता रक्तदान. पुढचे अकरा दिवस मी लाल थेंब काढत होते. थेंबात बाळ, थेंबात महाराष्ट्राचा नकाशा, थेंबाला पंख. बाराव्या दिवशी आमच्या गाइड मॅडमनी सगळे प्रिंट टेबलावर पसरले आणि एकच विचारलं, "हे बघून कोण, कुठे, कधी जाऊन रक्त देणार आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज मी एका जाहिरात एजन्सीत कॉपीरायटर आहे, म्हणजे जाहिरातीतला मजकूर (कॉपी) लिहिते. दरवर्षी मार्चच्या सुमारास ज्युनिअर मुलामुलींचे फोन येतात आणि बहुतेकांचा प्रश्न तोच असतो: "ताई, पोस्टर झालेत, पण सर म्हणतात कन्सेप्टच नाही." म्हणजे सगळ्या पोस्टरांमागची एक पक्की कल्पना नाही. अप्लाइड आर्ट, मास मीडिया, जाहिरातीचा डिप्लोमा, तुम्ही काहीही करत असा, हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. उदाहरण म्हणून माझंच रक्तदानाचं कॅम्पेन शेवटपर्यंत घेते, कारण त्यातली प्रत्येक चूक मला पाठ आहे.

आधी जवळ काय हवं ते सांगते.

- दोनशे पानी कोरी वही. रेघा नकोत.
- काळा जाड स्केचपेन. पेन्सिल नको, खोडत बसायला होतं.
- कॉलेजचं पत्र, शिक्का आणि गाइडच्या सहीसकट. दवाखाना, डेपो, सरकारी कार्यालय कुठेही जायचं तर याच्याशिवाय आत घेत नाहीत. तीन-चार प्रती काढून ठेवा.
- स्वतःचं ओळखपत्र.
- रेकॉर्डिंगला मोबाइल. समोरच्याला विचारूनच सुरू करा.
- एक जोडीदार. याबद्दल पुढे.

लॅपटॉप या यादीत नाही. तो आठव्या पायरीनंतर.

१. विषय असा घ्या की जिथे तुम्हाला चालत जाता येईल

"ग्लोबल वॉर्मिंग", "स्त्री सक्षमीकरण", "मोबाइलचं व्यसन" हे विषय दरवर्षी येतात आणि दरवर्षी त्यातून गोड, गुळगुळीत पोस्टर निघतात. विषय वाईट नाहीत, पण त्यात बोलायला माणूस कोण, हेच ठरत नाही. त्यापेक्षा तुमच्या तालुक्याची एसटी, गल्लीतली पिठाची गिरणी, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, हॉस्टेलची मेस असं काही घ्या. व्यावसायिक ब्रँड घेतलात तरी तो रोज वापरणारी दहा माणसं तुमच्या ओळखीची असू द्या.

२. ब्रीफ स्वतः लिहा, एका पानात

ब्रीफ म्हणजे जाहिरात कोणासाठी आणि कशासाठी, हे सांगणारा कागद. एजन्सीत तो क्लायंटकडून येतो. कॉलेजात क्लायंट नसतो, म्हणून बहुतेक जण ब्रीफच लिहीत नाहीत, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. चार प्रश्नांची उत्तरं लिहा. कोणाशी बोलायचं? त्याने नेमकं काय करावं? आज तो ते का करत नाही? कधी आणि कुठे तो ते करू शकेल?

माझं पहिलं उत्तर होतं, "सर्व नागरिकांनी रक्तदान करावं." सर्व नागरिक नावाचा माणूस रस्त्यात कधी भेटत नाही. आपल्याकडे रक्तदात्याचं वय १८ ते ६५ लागतं, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम (१०० मिलिलिटर रक्तात). म्हणजे अकरावी-बारावीची बरीचशी मुलं इथेच गळतात. हे नियम वाचल्यावर माझा "सर्व नागरिक" आक्रसत आक्रसत "हॉस्टेलला राहणारी पदवीची मुलंमुली" एवढा झाला. आक्रसल्यावर तो मला दिसायला लागला.

तिसरा प्रश्न, "आज तो का करत नाही", याचं उत्तर घरबसल्या लिहू नका. मी लिहिलं होतं, "सुईची भीती." ते चूक निघालं.

३. बाहेर पडा

सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत मोलाची, आणि नेमकी हीच लोक टाळतात. गूगलवरून दहा मुद्दे उतरवणं म्हणजे रिसर्च नव्हे. ते दहा मुद्दे तुमच्या वर्गातल्या सगळ्यांकडे असतात.

मी पत्र घेऊन एका रक्तपेढीत गेले. सकाळचे साडेदहा, एप्रिल महिना. तिथल्या टेक्निशियन काकांनी फ्रिजचं दार उघडून दाखवलं. वरचे दोन कप्पे रिकामे. ते म्हणाले, "आत्ता एवढं तरी आहे. मेमध्ये या, मग बघा." मी विचारलं, मेमध्ये काय होतं? "कॉलेजं बंद. शिबिरं कोण घेणार?"

मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझं कॅम्पेन उभं राहिलं. रक्तपेढीची कितीतरी शिबिरं कॉलेजांच्या एनएसएसवर (राष्ट्रीय सेवा योजनेवर) चालतात. परीक्षा संपली की मुलं गावी जातात, उन्हाने बाकीची शिबिरंही कमी होतात, आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच. तांबड्या पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स मात्र फक्त पाच दिवस.

त्या संध्याकाळी मी हॉस्टेलच्या पायरीवर बसून चौदा जणांशी बोलले. सुईला घाबरणारे दोघं निघाले. बाकीचे म्हणाले, "कॉलेजात कॅम्प लागला की देतो की." मग मेमध्ये? "मेमध्ये गावी असतो. तिथे कोण विचारतंय?"

माझे अकरा दिवसांचे थेंब ज्या भीतीशी लढत होते ती भीती मुळात नव्हतीच. मुलं द्यायला तयार होती. ज्या महिन्यात गरज होती त्या महिन्यात त्यांना कोणी विचारत नव्हतं, इतकंच.

तुम्ही जाल तेव्हा एवढं पाळा. "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारू नका, "मागच्या वेळी काय झालं?" असं विचारा. पहिल्यावर लोक चांगलं उत्तर देतात, दुसऱ्यावर खरं. त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा, सुधारून नव्हे. "तिथे कोण विचारतंय" हे तीन शब्द मी तसेच लिहिले होते म्हणून पुढे कामाला आले.

४. इनसाइट एका वाक्यात पकडा

माहिती आणि इनसाइट यात गल्लत होते. "मेमध्ये रक्ताचा तुटवडा असतो" ही माहिती. "मुलं द्यायला तयार असतात, पण सुट्टी लागताना कॉलेजबरोबर हेही मागे राहतं" हा इनसाइट. त्यात माणूस आहे, आणि तो असं का वागतो तेही आहे.

सर्फ एक्सेलचं 'दाग अच्छे हैं' आठवा. कपडे धुणारी पावडर विकायची तर डाग म्हणजे शत्रू, असंच कोणीही धरून चालेल. त्यांनी आईच्या मनातली दुसरी बाजू पकडली: मूल काही चांगलं करताना मळलं, तर त्या डागाचा राग येत नाही. पावडर तीच राहिली, डागाकडे बघणं बदललं.

वाक्य लिहिल्यावर ज्यांच्याशी बोललात त्यातल्याच एकाला वाचून दाखवा. तो "हो, असंच होतं" म्हणाला तर पुढे जा. "छान आहे" म्हणाला तर परत जा.

५. ढीग घाला

आता वही. पान आडवं धरा, आठ चौकोन आखा, प्रत्येक चौकोनात एक कल्पना. हाताच्या अंगठ्याएवढं स्क्रिबल, म्हणजे कच्चं रेखाटन, आणि खाली चार शब्द. चांगलं-वाईट ठरवू नका, फक्त शंभर भरा. पहिली वीस-पंचवीस तीच असतील जी सगळ्यांना सुचतात. ती मनात अडवून ठेवलीत तर पुढची बाहेर येत नाहीत, म्हणून ती कागदावर उतरवून मोकळं व्हायचं.

इथे जोडीदार लागतो. न्यूयॉर्कच्या डॉइल डेन बर्नबाक या एजन्सीत बिल बर्नबाक यांनी कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टर (जाहिरातीचं चित्र, मांडणी ठरवणारा) यांना एकत्र बसवायला सुरुवात केली. तोवर कॉपी लिहून झाली की ती आर्ट विभागाकडे पाठवत. त्याच एजन्सीच्या ज्युलियन कोनिग आणि हेल्मुट क्रोन या जोडीने १९५९ मध्ये फोक्सवॅगनचं 'थिंक स्मॉल' केलं. मोठमोठ्या गाड्यांच्या अमेरिकेत छोटी गाडी, तीही जवळजवळ कोऱ्या पानावर एका कोपऱ्यात. तिथे शब्द आधी सुचले की चित्र, हे वेगळं काढताच येत नाही. आजही भरतीच्या वेळी बऱ्याच एजन्सी अशी जोडीच शोधतात. तुम्ही चित्रकार असाल तर लिहिणारा मित्र धरा. मास मीडियाचे असाल तर शेजारच्या कलामहाविद्यालयाच्या कँटीनमध्ये जाऊन बसा.

अडलात की वस्तूंची यादी करा. तुमच्या माणसाच्या त्या दिवसात त्याच्या हातात काय काय येतं? माझी यादी होती: बॅग, चार्जर, एसटीचं तिकीट, मेसचं कार्ड, लायब्ररीची पुस्तकं, नो ड्यूजचा फॉर्म. शेवटच्या शब्दावर आम्ही दोघी थांबलो. सुट्टीला किंवा पास होऊन जाताना हा फॉर्म घेऊन लायब्ररी, लॅब, जिमखाना, मेस, रेक्टर असे शिक्के गोळा करत फिरावं लागतं. प्रत्येक ओळीसमोर "बाकी नाही". त्याच फॉर्मवर खाली आणखी एक ओळ आली तर? रक्तपेढी.

ते आमचं एक्काहत्तरावं स्क्रिबल होतं.

६. ही कन्सेप्ट आहे की एकच ॲड?

एक पोस्टर छान जमलं म्हणजे कॅम्पेन झालं नाही. मी ज्या कसोट्या लावते त्या अशा.

फोनवर सांगून बघा. चित्र न दाखवता दोन वाक्यांत समोरच्याला कळली पाहिजे. "नो ड्यूजच्या फॉर्मवर रक्तपेढीची ओळ", एवढ्यात कळतं.

लोगो झाकून दुसऱ्याचा लावा. तरीही चालत असेल तर ती कल्पना तुमच्या विषयाची नाही. पंख लावलेला थेंब पाणीबचतीलाही चालला असता.

तीन वेगळ्या जागी नेऊन बघा: कागदावर, आवाजात, प्रत्यक्ष ठिकाणी. आमच्याकडे रेडिओसाठी नुसते शिक्क्यांचे आवाज निघाले. ठक, ठक, ठक, ठक, आणि पाचव्या ठिकाणी शांतता. पोस्टरसाठी कोपराच्या घडीवर चिकटवलेली गोल पट्टी, अगदी रबरी शिक्क्यासारखी. ओढाताण न करता हे सुचत गेलं, तेव्हा पाया पक्का असल्याचं कळलं.

कन्सेप्ट किती लांब जाऊ शकते याचा अंदाज घ्यायचा तर अमूलकडे बघा. सिल्व्हेस्टर दा कुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी १९६६ मध्ये ठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी आणली. चालू घडामोडीवर एक शाब्दिक कोटी आणि त्यात लोणी, एवढाच साचा, आणि तो अजून चालू आहे.

७. माध्यम शेवटी चिकटवू नका

"एक प्रेस ॲड, एक होर्डिंग, एक स्टँडी, एक इन्स्टाग्राम पोस्ट" ही यादी कॉलेजच्या शीटवर असते म्हणून आपण एकच चित्र चार मापांत कापतो. विचार उलटा करा. तुमच्या माणसाच्या मनात तो विषय कोणत्या क्षणी येऊ शकतो, आणि त्या क्षणी त्याच्या समोर काय असतं?

२०१३ च्या अलाहाबादच्या कुंभमेळ्यात लाइफबॉयने पोळ्यांवरच भाजून शिक्का उमटवला होता: हात धुतलेत का, अशा अर्थाचा. पंचवीस लाख पोळ्या. हात धुवायचं आठवायला हवं त्या नेमक्या क्षणी, नेमक्या हातात. तिथे होर्डिंग लावलं असतं तर गर्दीत कोणी वर पाहिलं असतं?

आमचा फॉर्म एप्रिलच्या शेवटी भरला जातो. तेव्हा दिलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी जूनच्या तोंडापर्यंत टिकतात, म्हणजे मेचा बराचसा खड्डा भरतो. हे गणित काकांनीच सांगितलेल्या दिवसांवरून जुळलं. प्लेटलेट्सना मात्र हे लागू नाही, त्यासाठी मेमध्येच दाते लागतात, म्हणून कॅम्पेनचा दुसरा भाग तालुक्याच्या रक्तपेढीचा पत्ता मुलांच्या हातात देण्याचा केला. रिसर्चची वही उघडी ठेवून माध्यम ठरवा, ते असं.

आता आमची मोठी चूक. पहिल्या फॉर्ममध्ये रक्तपेढीची ओळ बाकीच्या ओळींसारखीच होती, सही-शिक्क्याची. मी तो काकांना दाखवायला नेला. ते वाचून गप्प झाले. मग म्हणाले, "ज्या मुलीचं हिमोग्लोबिन दहा आहे, तिची ही ओळ रिकामी राहणार. सगळ्यांच्या हातात फिरणाऱ्या कागदावर. आणि ज्याला काही आजार आहे, त्याने क्लार्कला काय सांगायचं?" रक्तदान ऐच्छिकच असलं पाहिजे, आणि कोण का देत नाही हे कोणालाही कळता कामा नये. आम्ही ती ओळ फॉर्मवरून काढली आणि खाली फाडून घ्यायची पट्टी केली. नाव नाही, सही नाही, फक्त शिबिराची जागा आणि वेळ. हवी त्याने घ्यावी. कल्पना जराही दुबळी झाली नाही. तुमची कन्सेप्ट ज्याच्यावर बेतली आहे त्याला ती लागेल का, दुखावेल का, हे प्रिंटआधी त्या क्षेत्रातल्या माणसाला दाखवून घ्या. गाइडला ते कळेलच असं नाही.

८. कॉपी मराठीतच सुचू द्या

मराठी कॅम्पेनची दुर्दशा बहुधा इथे होते. हेडलाइन इंग्रजीत सुचते, मग तिचं मराठी करतात, आणि शब्द मराठी असूनही कोणी तसं बोलत नाही. आमची सुरुवातही "तुमची शेवटची थकबाकी" अशीच झाली होती. बँकेची नोटीस वाटली.

मग आम्ही लोक काय म्हणतात ते आठवलं. मेसवाल्या मावशी म्हणायच्या, "तुझं देणं फिटलं गं." देणं. मराठीत देणं म्हणजे कर्जही आणि देण्याची क्रियाही. वहीत ओळी अशा सरकत गेल्या:

"लायब्ररीची बाकी नाही. मेसची बाकी नाही. रक्ताची बाकी आहे." हे हिशेब मागितल्यासारखं झालं.

"सगळ्यांचं फिटलं. एक देणं राहिलं." बरं होतं, पण अजून वसुलीचा सूर होता. रक्त हे कोणाचं कर्ज नाही.

"लायब्ररीचं देणं फिटलं. मेसचं देणं फिटलं. आता नुसतं देणं."

'नुसतं' आल्यावर तिसऱ्या 'देणं'चा अर्थ आपोआप फिरला. मोठ्याने वाचलं तेव्हा जोडीदार उठून उभी राहिली. प्रत्येक हेडलाइन अशी मोठ्याने वाचा, शक्यतो आईला किंवा मेसच्या मावशींना. त्यांना दुसऱ्यांदा वाचून दाखवावी लागली तर ती बदला.

"जीवनदान", "श्रेष्ठदान", "चला संकल्प करूया" हे शब्द वाईट नाहीत, पण इतके वापरले गेलेत की डोळा त्यांच्यावर थांबत नाही. बॉडी कॉपीत, म्हणजे हेडलाइनखालच्या मजकुरात, भावना कमी आणि पत्ता, वेळ, सोबत काय आणायचं हे जास्त ठेवा.

९. नियम, थोडक्यात

विद्यार्थी काम आहे म्हणून काहीही चालतं, असं नाही.

- पांढऱ्यावरचं लाल क्रॉसचं चिन्ह वापरू नका. ते १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने राखीव आहे. आरोग्यावरच्या विद्यार्थी-पोस्टरांत ही चूक हमखास दिसते.
- छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांचं नाव वा चित्र व्यावसायिक कामात वापरण्यावर १९५० च्या बोधचिन्हं व नावं कायद्याचं बंधन आहे. उत्पादनाच्या कॅम्पेनमध्ये तर नकोच.
- औषधाने अमुक आजार बरा होतो असे दावे करण्याआधी १९५४ चा औषधं व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा बघा. तंबाखूच्या जाहिरातीला २००३ च्या कायद्याने बंदी आहे.
- मुंबईची ॲस्की (ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया) ही संस्था १९८५ पासून जाहिरातींची आचारसंहिता सांभाळते. ती एकदा वाचून काढा, व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारतात.
- खऱ्या माणसाचा फोटो असेल तर लेखी परवानगी. एआयने केलेलं चित्र असेल तर तसं गाइडला आधी सांगा.
- खऱ्या ब्रँडवर काम केलं असेल तर शीटवर "विद्यार्थी प्रकल्प" असं लिहा.

१०. डिस्प्ले आणि व्हायवा

ज्युरी एका डिस्प्लेसमोर फार वेळ उभी राहत नाही. डोळ्याच्या उंचीवर सर्वांत आधी कन्सेप्ट समजवणारा एक तुकडा लावा, सर्वांत देखणा नव्हे. आम्ही मधोमध खरा फॉर्म लावला, पट्ट्या फाडता येतील असा. पोस्टर त्याच्या दोन्ही बाजूंना. परीक्षकांपैकी एकांनी पट्टी फाडून खिशात टाकली, त्यानंतर आम्हाला फारसं बोलावं लागलं नाही.

व्हायवात "आम्हाला असं दाखवायचं होतं की" ही सुरुवात टाळा. कोणाला भेटलात, तो काय म्हणाला, त्यावरून काय केलं, या क्रमाने सांगा. प्रिंट दोन दिवस आधी काढा. लाल रंग स्क्रीनवर दिसतो तसा कागदावर येत नाही, म्हणून आधी छोटा तुकडा काढून बघा.

काम झालं की स्पर्धांना पाठवता येतं. लंडनची डी ॲण्ड एडी ही संस्था न्यू ब्लड या नावाने विद्यार्थ्यांसाठी खऱ्या ब्रँडचे ब्रीफ दरवर्षी काढते, आणि न्यूयॉर्कच्या वन क्लबची यंग वन्स स्पर्धा आहे. प्रवेशशुल्क आणि तारखा त्या त्या वर्षीच्या बघून घ्या. भाग घ्यायचा नसला तरी ते ब्रीफ उतरवून घ्या आणि दुसऱ्या पायरीचा सराव त्यांच्यावर करा.

आणि वही जपून ठेवा. माझ्या पहिल्या मुलाखतीत क्रिएटिव्ह डायरेक्टरांनी पोर्टफोलिओ दोन मिनिटांत मिटला आणि वही मागून घेतली. पहिल्या पानांवरचे पंखवाले थेंब त्यांनी पाहिले, मग हॉस्टेलच्या पायरीवर उतरवलेल्या ओळी, मग एक्काहत्तरावा चौकोन. "तिथे कोण विचारतंय" या ओळीखाली बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे कोण म्हणालं?" मग अर्धा तास आम्ही त्या मुलाबद्दल बोलत होतो.